डाव्या कुशीत काहीतरी कडक आहे

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा जॅक आहे. चाक बदलताना मोटार उचलून धरतो, तो. आपली कहाणी सांगावी एवढे माझ्या आयुष्यात घडले आहे का, याची मलाच खात्री नाही. ज्यांनी धरणांची दारे उचलली, आगगाड्या ओढल्या, त्यांनी सांगावे. मी तर मोटारीच्या आतल्या भिंतीत, एका झाकणामागे, वर्षानुवर्षे नुसता पडून होतो. पण पडून राहणाऱ्यालाही काही सांगायचे असते, आणि ऐकणारा भेटला नाही की ते आतल्या आत गंजते. म्हणून भीतभीतच तोंड उघडतो आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून माझे चार हात केले, ते कात्रीसारखे एकमेकांत अडकवले आणि मधून आट्यांचा एक लांब दांडा घातला. दांडा एका बाजूला फिरवला की मी उभा राहतो, उलटा फिरवला की आडवा होतो. एवढीच माझी विद्या. तिथल्या एका कामगाराने मला एकदा उभे करून पाहिले, मान डोलावली आणि काळा रंग दिला. ते मान डोलावणे ही माझी पहिली शाबासकी. पुढे कित्येक वर्षे मी तीच पुरवून पुरवून वापरली.

मग मला एका सात आसनी मोटारीत बसवले. मागच्या डाव्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात खाली एक पट्टी आणि वर एक पट्टी. मला मध्ये ठेवून माझा दांडा थोडा फिरवला. मी जरा उभा झालो, दोन्ही पट्ट्यांना टेकलो आणि घट्ट बसलो. वाटेत खडखडाट होऊ नये म्हणून ही युक्ती. मला बाहेर काढायचे तर ओढायचे नाही. दांडा उलटा फिरवायचा, म्हणजे मी अंग आक्रसतो आणि अलगद हातात येतो. हे तुम्ही तरी लक्षात ठेवा. मी मनातल्या मनात हे इतक्यांदा म्हटले आहे की आता ते मला एखाद्या कवितेसारखे पाठ झाले आहे.

माझ्यावर झाकण लागले. झाकणावर माझे छोटेसे चित्र कोरलेले होते. मी आतल्या अंधारात वाट पाहू लागलो.

जपानमधल्या मालकाचे चाक कधी फुटलेच नाही. मोटार म्हातारी झाल्यावर तिला जहाजावर चढवले, मग आगगाडीवर, आणि शेवटी ती एका डोंगराळ देशाच्या राजधानीत, बिश्केकच्या मोटारबाजारात, येऊन उभी राहिली. तिथून एसेन नावाच्या तरुणाने तिला विकत घेतले आणि नारीन शहराजवळच्या डोंगरांपलीकडच्या आपल्या गावी नेले. गावातली माणसे शहरात पोचवायची आणि परत आणायची, हा त्याचा धंदा.

त्या मुलखात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि आमच्या मोटारीचे सुकाणूही उजवीकडे. त्यामुळे एसेनला समोरून येणारे काही दिसत नसे. पुढचा ट्रक ओलांडायचा तर डावीकडे बसलेल्याला विचारावे लागे. डावीकडे बहुधा त्याचे वडील बसत, आणि वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"बाबा, समोरून काही येतंय?"

"मला तर काहीच दिसत नाही."

"म्हणजे मोकळं आहे?"

"मी तसं कुठं म्हणालो?"

तेव्हा मागच्या आसनावरून एक बाई घाईने पुढे वाके. "ट्रक आहे भाऊजी, ट्रक! थांबा!"

ही बाई म्हणजे अनिपा. एसेनच्या थोरल्या भावाची बायको. तो भाऊ, कुबात, रशियात इमारतींच्या कामावर होता. घरात म्हातारे वडील, धाकटा एसेन आणि अनिपा. घर, गुरे आणि ही दोन माणसे, सगळे तिच्या अंगावर.

आता मला तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. मी परदेशातून आलेला, मलाही ती समजायला वेळ लागला. त्या लोकांत सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव घेत नाही. नावच नाही, त्या नावाचा शब्दसुद्धा उच्चारत नाही. अनिपाच्या सासऱ्यांचे नाव होते तेमिर. आणि त्यांच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड.

म्हणजे पाहा, लग्न झाल्यापासून या बाईच्या तोंडून लोखंड हा शब्दच गेला. लोखंडी कढई तिच्यासाठी 'कडक कढई' झाली आणि लोखंडी दार 'कडक दार'. गावातल्या बायकांना हे बरोबर कळे. त्यांच्याही तोंडातून असेच काही ना काही गेलेले असे. पुरुषांना कळायला त्यांनी आधी ऐकायला हवे.

मोटार घरी आली त्या वर्षी अनिपा उन्हाळी कुरणावरून कुरुतची गोणी घेऊन आली. कुरुत म्हणजे खारवून वाळवलेल्या दह्याचे गोळे. ते दगडासारखे कडक असतात, हिवाळाभर चघळायचे. वाटेत गोणी फाटली आणि गोळे मोटारभर पांगले. दुसऱ्या दिवशी ती मोटार झाडायला बसली. कोपऱ्यातला एक गोळा काढताना तिच्या हाताचा धक्का लागून माझे झाकण निघाले.

किती वर्षांनी उजेड! तिने वाकून माझ्याकडे पाहिले. मीही पाहिले. रुमाल बांधलेला गोल चेहरा, नाकावर धूळ. तिने बोटाने माझ्यावर टकटक केले आणि हा मोटारीचाच काही भाग असावा असे समजून झाकण परत लावले. पण शहाणी बाई होती. संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सांगितले, "भाऊजी, गाडीच्या मागच्या डाव्या कुशीत काहीतरी कडक आहे."

एसेन हसला. "असू दे वहिनी. हिवाळ्यात अडकलो तर चघळायला होईल."

मित्रांनो, मी कुरुत ठरलो. वजन पेलायला जन्मलेला मी, त्या दिवसापासून या घराच्या लेखी दह्याचा गोळा होतो.

पहिले चाक फुटले तेव्हा मी आनंदाने अंग ताठ केले. एसेनने सामान उतरवले, गालिचा उचलला, आसनांखाली हात घातला. मग दमून उभा राहिला आणि तोल सावरायला त्याने हात टेकला तो माझ्याच झाकणावर. झाकणावरच्या माझ्या चित्रावर तोवर कुणा प्रवाशाच्या मुलाने चिंगम चिकटवून ठेवले होते.

"चोर लेकाचा!" एसेन ओरडला. "बाजारातल्या त्या माणसानं जॅक काढून घेतला!"

मी आतून म्हणत होतो, अरे, तुझ्या तळहाताखाली आहे मी. पण माझा आवाज लोखंडाचा. तो कुणी आपटल्याशिवाय निघत नाही.

त्या दिवशी त्यांनी पॉप्लर झाडाच्या ओंडक्याची तरफ करून मोटार उचलली. पुढच्या वेळी लग्नाला निघालेल्या वऱ्हाड्यांनी तिला हातांवर उचलून धरले, आणि नवरदेवाच्या काकांचा कोट पाठीत टर्रकन उसवला. काका आठवडाभर बोलले नाहीत. मग एसेनने एक जुना जॅक विकत आणला. तो शेजाऱ्याने एका दिवसासाठी नेला. शेजाऱ्याकडे दिलेली वस्तू परत मागणे बरे दिसत नाही, म्हणून तो तिकडेच राहिला. आणि एसेन प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगत राहिला, "गाडी झकास आहे, फक्त हिला जॅक नाही."

आपण असताना आपण नाही असे ऐकत राहणे कसे असते, हे मी कसे सांगू? सुरुवातीला राग येतो. पुढे पुढे शंका येऊ लागते, की खरेच आपण नसू. मला तर असेही वाटू लागले की चूक माझीच असेल. जरा खडखडलो असतो तर कुणी शोधले असते. पण मला खडखडू नये असेच शिकवले होते.

असो. आता त्या दिवसाकडे येतो.

म्हाताऱ्या तेमिरबाबांची नजर दर वर्षी थोडी थोडी विझत गेली होती. त्या हिवाळ्यात ते विहिरीच्या वाटेवर भरकटले आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरून, दार उघड म्हणून गाईला हाका मारत राहिले. गाव हसले. अनिपा हसली नाही. कुबातचा रशियाहून फोन यायचा, तेव्हा बाबा फोन डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "आलास का? बोल. धुकं बोलतंय असं वाटतं, पण बोल."

वसंतात बिश्केकचे नेत्रवैद्य दोन दिवसांसाठी नारीनच्या दवाखान्यात येणार होते. गावच्या नर्सबाईंनी अनिपाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, "उद्या दुपारच्या आत पोचा. मोतीबिंदू फार पिकलाय, एक डोळा तर हातचा गेल्यातच जमा आहे. दुसरा अजून वाचेल. पुढल्या वर्षी मात्र कुणाचा इलाज चालणार नाही."

पहाटे आम्ही निघालो. एसेन सुकाणूवर, बाबा डावीकडे, अनिपा मागे थर्मास आणि बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी मांडीवर घेऊन. आणि तिच्यामागे, थेट माझ्या झाकणाला अंग टेकून, एक जिवंत मेंढी. नारीनमध्ये ज्यांच्या घरी उतरायचे त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? मेंढीने वाटेत काय काय केले ते सांगत नाही. माझ्या खालच्या पट्टीला गंज तेव्हापासून आहे.

खिंड चढून आम्ही पलीकडच्या उतारावर आलो आणि मागचे डावे चाक फुटले. तिथे झाड नाही, घर नाही, वाऱ्याशिवाय काही उगवत नाही. एसेन उतरला, चाकाकडे पाहिले आणि डोक्यावरची टोपी रस्त्यावर आपटली.

"संपलं. जॅक नाही."

बाबा आतून म्हणाले, "तुझ्या गाडीला काय काय आहे ते सांग. ते लवकर आटपेल."

"स्टेपनी आहे, पाना आहे. उचलायचं कशानं? इथं ओंडका तरी आहे का?"

सूर्य वर येत होता. बऱ्याच वेळाने खालून कोळशाचा एक ट्रक आला आणि थांबला. त्या वाटेवर कुणी न थांबता जात नाही. ट्रकवाला जाडजूड होता आणि मोठा बोलका.

"सलाम! मेंढी विकायला उभे आहात?"

"जॅक आहे का, भाऊ?"

"आहे की!" त्याने आपला जॅक आणला. तो गोल, बुटका आणि जाड होता. बुटका असला तरी आमच्या बसलेल्या मोटारीखाली जाईना. ट्रकवाला रस्त्यावर आडवा झाला, त्याने तो तिरपा करून पाहिला, आडवा करून पाहिला, मग उठून कपडे झटकले. "माझा जॅक उंटासाठी केलेला, आणि तुमची गाडी बसलीय अंड्यावरच्या कोंबडीसारखी."

"मग वडिलांना तरी घेऊन जा शहरात."

"नेलं असतं रे. पण मी चाललोय उलट्या दिशेला, आणि हे धूड या घाटात वळायचं नाही."

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "एसेन, पुरे झालं. कुणी येईल तेव्हा येईल. आपण परत जाऊ. डोळ्यांनी जेवढं बघायचं तेवढं बघून झालं माझं."

"परत नाही जायचं, मामंजी," अनिपा म्हणाली. सासऱ्यांपुढे ती नेहमी खाली बघून, अगदी हळू बोलायची. तेव्हाही हळूच बोलली. पण मी तिच्या मागेच होतो, मला तिचा श्वास ऐकू येत होता. तो हळू नव्हता.

ट्रकवाला एसेनला म्हणत होता, "पण असल्या गाड्यांत जॅक येतोच की. माझ्या मेव्हण्याकडे आहे अशी. काळा असतो, एवढाच. चार हात, कात्रीसारखे, असे एकमेकांत." त्याने बोटांत बोटे अडकवून दाखवली.

अनिपाने त्याच्या बोटांकडे पाहिले. मग तिची मान हळूहळू मागे वळली, मेंढीच्या दिशेने. मित्रांनो, माझ्या आट्यांतून कळ गेली.

ती धडपडत उतरली. "भाऊजी, ऐका. मागे, डाव्या कुशीत, कडक आहे ना, ते..."

"वहिनी, ही कुरुत खायची वेळ आहे का?"

"कुरुत नाही हो! मी तेव्हाच सांगितलं होतं. ते काळं... भट्टीत तापवतात ते... घोड्याच्या पायाला ठोकतात..."

"आता घोडा कुठून आणू?"

"घोडा नको! घोड्याच्या पायाला जे..."

ट्रकवाल्याचा चेहरा उजळला. "ताई कोडं घालतायत! मला येतात कोडी. किती पायांचं?"

"पाय नाहीत! चार हात!"

"दोन माणसं," ट्रकवाला ताबडतोब म्हणाला.

"नाही हो!"

"वहिनी, बाबांना चहा द्या जरा," एसेन म्हणाला आणि रस्त्याकडे तोंड फिरवून दुसरी मोटार दिसते का पाहू लागला. "मला विचार करू दे."

अनिपा उभी राहिली. तिने एकदा पुढच्या खिडकीकडे पाहिले. तिथे बाबा डोळे मिटून बसले होते. तसेही उघडे आणि मिटलेले त्यांना सारखेच. तिने रुमालाचे टोक घट्ट धरले. आणि मग अशी ओरडली की मेंढी दचकून माझ्या झाकणावर आदळली.

"तेमिर! तेमिर आहे आत! मेंढीच्या मागे, भिंतीत, तेमिर!"

बाबा ताडकन सावरून बसले. "मी इथं आहे! मेंढीच्या मागे कशाला जाईन मी?"

ट्रकवाल्याने आपली टोपी काढून हातात घेतली. काय झाले ते त्याच्याही लक्षात आले होते. अनिपा दोन्ही हातांनी तोंड दाबून रस्त्यावर मटकन बसली.

"कोण म्हणालं ते?" बाबांनी विचारले.

"वहिनी, बाबा," एसेन म्हणाला. "तिच्या तोंडून निघून गेलं. तिला तसं म्हणायचं..."

"मोठ्यानं म्हणाली."

"हो, बाबा."

"खणखणीत म्हणाली." बाबांनी मान वर केली. "मला वाटलं, माझी आई हाक मारतेय. घोड्या परत आण म्हणून. ती गेल्यापासून या नावानं मला कुणी ओरडून बोलावलंच नाही. तुमची आई तर जन्मभर मला 'अहो' म्हणत राहिली. पुढं सगळ्यांचा बाबा झालो, मग गावाचा आजोबा. नाव राहिलं फक्त पेन्शन आणणाऱ्या बाईकडे." त्यांनी खिडकीवर हात आपटला. "ऊठ ग, अनिपा. रडू नको. एसेन, बघ काय आहे मेंढीमागे. माझ्या नावाचं आहे म्हणते ना?"

मेंढी ओढून काढली. अनिपाने तिची दोरी धरली. चिंगम लागलेले झाकण निघाले आणि एसेनचा चेहरा माझ्यासमोर आला. त्याच्या डोळ्यांतले आश्चर्य मला आवडले असते, पण त्याने पुढच्याच क्षणी मला धरून ओढायला सुरुवात केली.

"निघत नाही!"

"गंजलाय," ट्रकवाला म्हणाला. "जोर लाव."

मित्रांनो, इतकी वर्षे वाट पाहिली, माणसे समोर आली, आणि काय केले? ओढले. दोघांनी मिळून ओढले. एसेनने लाथ घातली. ट्रकवाल्याने पहार आणून माझ्या खालची पट्टी वाकवली. फिरवा रे, फिरवा, ओढू नका, मी सारखा म्हणत होतो. घट्ट बसणे हाच माझा गुण, आणि त्याच गुणापायी मला लाथा बसत होत्या. एसेन भिंतीला डोके टेकून म्हणाला, "सापडला तरी उपयोग नाही. हा गाडीचाच झालाय."

"मला घेऊन चला त्याच्याकडे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्याच्यानं काय होणार? आम्ही दोघं..."

"काही करायला नाही येत मी. माझ्या नावाचा कुणीतरी इतकी वर्षं माझ्याच गाडीत राहतो आणि मी त्याला सलाम केला नाही. बरं दिसतं का ते?"

अनिपाने त्यांचा हात धरून त्यांना मागे आणले. आपल्याच नावाच्या माणसाला ते लोक अदाश म्हणतात. अदाश भेटला की त्याची विचारपूस करायची, नुसते पुढे जायचे नाही. बाबा माझ्यासमोर वाकले. त्यांचे हात चाचपडत माझ्यावरून फिरले. माझ्या दांड्याच्या टोकाला एक कडी आहे, ती त्यांच्या हाती लागली. ती त्यांना माझा हात वाटली असावी.

"सलाम, अदाश," ते म्हणाले. "कसा आहेस? घरची मंडळी बरी आहेत?" आणि दोन्ही हातांत कडी धरून, जन्मभर घोडे आवरलेल्या त्या मनगटांनी, त्यांनी माझा हात जोराने हलवला.

मी फिरलो.

नशीब माझे, योग्य बाजूला फिरलो. माझे अंग पट्टीपासून केसभर सुटले. त्यांनी आणखी एकदा हात हलवला, आणि मी कोनाड्यातून सुटून त्यांच्या ओंजळीत पडलो.

"अरे, हा फिरतो!" एसेन ओरडला.

"तुम्ही ओढत होतात," बाबा म्हणाले. "पाहुण्याला कुणी ओढतं का?"

पुढचे काम सोपे असायला हवे होते. पण एसेनने मला मोटारीच्या पातळ पत्र्याखाली लावले. पत्रा करकरला. माझ्या डोक्यावर खाच आहे, आणि मोटारीच्या खालच्या कडेला दोन खुणा आहेत. त्या दोन खुणांच्या मध्ये ती खाच बसते. ट्रकवाल्याने ते खाली वाकून पाहिले, तेव्हा मला जागा मिळाली. मग एसेनने मोटार उचलली आणि पाना लावला, तर नट फिरायच्या ऐवजी चाकच हवेत गरगर फिरू लागले. नट आधी सैल करायचे असतात, चाक जमिनीवर असताना. मला पुन्हा खाली, पुन्हा वर. मी कंटाळलो असतो, पण एक खरे सांगतो. मोटारीचे वजन पहिल्यांदा माझ्या डोक्यावर आले तेव्हा मी भ्यालो. जे करायला जन्मलो ते मी कधी केलेच नव्हते. आपल्याला जमेल की नाही, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या आट्यांत इतक्या वर्षांचा गंज होता. मी डोळे मिटल्यासारखे केले आणि उभा राहिलो.

जमले. चाक बदलेपर्यंत मी हललो नाही.

ट्रकवाला निघताना म्हणाला, "ताई, कोडं मात्र चांगलं होतं."

दुपारच्या आधी आम्ही नारीनला पोचलो. दवाखान्याच्या बाकावर शेवटचे काही रोगी बसले होते. बाकाच्या टोकाला एका माणसाची जागा होती. बाबा तिथे बसले.

त्याच संध्याकाळी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी त्यावरची पट्टी निघाली आणि आम्ही परत फिरलो. माझी जागा आता वेगळी होती. मला कुणी कोनाड्यात फिरवून बसवले नाही, एसेनने नुसते मागे आसनापाशी टाकले. त्यामुळे मी वाटभर खडखडत होतो. एसेन वैतागून म्हणाला, "हा काय त्रास आहे!" आणि त्याने गाण्यांचा आवाज वाढवला. काल मला सलाम, आज हे. मी मनाला लावून घ्यायचे नाही असे ठरवले, पण लावून घेतले.

खिंडीपाशी चहासाठी मोटार थांबली. बाबांनी मला मागवून घेतले. एका डोळ्याने, जवळ धरून, उलटसुलट करून पाहिले.

"हाच? एवढासा?" ते म्हणाले. मग मला गवतावर ठेवले आणि वर पाहिले. समोर अनिपा पेल्यांत चहा ओतत होती. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. तिने सवयीने रुमाल पुढे ओढला.

"अनिपा, तुझे केस पिकले की ग."

"हो, मामंजी."

"कधी? मला कुणी सांगितलं नाही."

ती चहा ओतायची थांबली. मग त्यांच्याकडे सरळ पाहत म्हणाली, "सांगितलं असतं. पण तुम्हाला दिसायला लागलं की आपोआप दिसेलच, असं वाटलं मला."

बाबांनी तिच्या हातून थर्मास घेतला आणि पहिला पेला स्वतः भरून तिच्यापुढे धरला. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोटारीतही माझा एखादा भाऊबंद नक्की असेल. आसनाखाली असेल, गालिच्याखाली असेल, नाहीतर भिंतीतल्या झाकणामागे असेल. मोटार दारात धडधाकट उभी आहे, आज घाई नाही, तेव्हाच त्याला शोधा. त्याला ओढू नका, फिरवा. काम झाल्यावर फिरवूनच घट्ट बसवा, आणि वर्षातून एकदा त्याच्या आट्यांना तेलाचा थेंब द्या. त्याला बोलता येत नाही. पण त्याच्याविषयी कुणी तुम्हाला चाचरत काही सांगू लागले, तर हातातले काम ठेवा आणि त्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत ऐका.